आल्मेडा सरांचा अर्धा तास

घरापुढच्या बलकांवात समोरासमोर बांधलेले सिमेंटचे दोन बाक होते. वेताची खुर्ची एक, तिची उजवी बाजू सुतळीने शिवलेली. क्रोटनच्या कुंड्या तीन, पैकी एकीत क्रोटन नव्हतं, नुसती माती होती आणि तीही मांजराने स्वतःच्या नावावर करून घेतलेली. विजेचा मीटर एक. भिंतीतल्या कोनाड्यात मारिया मातेची मूर्ती, तिच्यापुढे बॅटरीवरची मेणबत्ती, बॅटरी संपलेली. नारळ सात, त्यातल्या दोहोंना कोंब आलेले. चपलांचे चार जोड आणि वर एक चप्पल. आणि या सगळ्याच्या मधोमध, वेताच्या खुर्चीत, पाठ ताठ करून आणि हात मांड्यांवर ठेवून बसलेले आडबंदर हायस्कुलातले विज्ञानाचे शिक्षक आर्थर आल्मेडा. वय पंचावन्न, रक्तदाब १५८/९८.

या शेवटच्या आकड्यावर सरांचं सगळं अडलं होतं. जूनपासून त्यांना मुख्याध्यापक करायचं असं संस्थेने ठरवलं होतं. सुपरवायझर म्हणून त्यांनी इतकी वर्षं काढली होती की कार्यालयातल्या मोठ्या खुर्चीच्या गादीला कुठे खड्डा पडलाय हे त्यांना एकदाही न बसता माहीत होतं. ठराव झाला, इतिवृत्त लिहिलं गेलं, पेढे वाटून झाले. मग कुणीतरी नियम काढला की नेमणुकीआधी वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला लागतो. सर हसतहसत दाखला आणायला मालवणला गेले आणि तो आकडा घेऊन परत आले.

डॉक्टर तेजस्वी ही त्यांचीच विद्यार्थिनी. दहावीला तिने काढलेल्या हृदयाच्या आकृतीत महारोहिणीचा बाण चुकला होता म्हणून सरांनी अर्धा गुण कापला होता, आणि तो तिला अजून आठवत असावा असा सरांचा वहीम होता.

"सर, हा आकडा असताना मी तंदुरुस्त लिहू शकत नाही," ती म्हणाली.

"मग आकडा लिहू नकोस."

"निरीक्षणात फेरफार करायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

आपण वर्गात बोललेलं कुणीतरी ऐकत होतं, याचा सरांना आयुष्यात पहिल्यांदाच त्रास झाला. तेजस्वीने गोळी लिहून दिली आणि वर म्हणाली, "पण सगळा भार गोळीवर टाकू नका. ताण कमी करा. रोज अर्धा तास नुसते गप्प बसा. मोबाइल नको, टीव्ही नको, बोलणं तर नकोच. महिन्याने या, पुन्हा मोजू."

तीस वर्षं दुसऱ्यांना गप्प बसा म्हणून सांगणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. तरी सर शास्त्रीय वृत्तीचे. उपाय करायचा तर नीट करायचा. पण गप्प बसायचं कुठे? घरात बायकोचा, लूर्डसचा, मिक्सर, कुकर आणि वाटण. गच्चीवर बांगडे सुकत घातलेले, म्हणजे कावळे. चर्चमध्ये फेस्ताच्या सणासाठी गाण्यांची तालीम. किनाऱ्यावर जावं तर तीन पावलांवर एक जण आडवा येऊन स्कूबा करणार का विचारतो, आणि नाही म्हटलं तर पॅरासेलिंग. उरला बलकांव, म्हणजे पुढच्या दारासमोरचा ओटा. रस्त्याकडे तोंड, समोरासमोर बाक, डोक्यावर छप्पर.

इथेच त्यांची चूक झाली. बलकांवाला छप्पर असतं, बसायला जागा असते, पण दार नसतं. दार का नसतं याचा सरांनी कधी विचार केला नव्हता. तिथे संध्याकाळी जो बसतो तो दुकानाचं शटर वर करून बसल्यासारखा असतो. रस्त्यावरून जाणारा विचारतो, "बसलात?" बसलेला म्हणतो, "बसलंय. येवा." पुढचा येतो आणि आपलं काय असेल ते सांगतो. हा कुणी केलेला नियम नव्हे, म्हणून तो मोडायची सोयही नाही. बलकांवात बसून 'येवा' न म्हटलेली दोनच माणसं गावाला आठवत होती. एक जण त्या दिवशी जमिनीची केस हरून आला होता. दुसऱ्याला वारा लागत असेल म्हणून उचलून आत नेलं, तेव्हा कळलं की तो गेलाय.

पहिल्या संध्याकाळी पहिले आले ते उत्तरेकडच्या घरातले मुस्तफाभाई. सुक्या मासळीचे व्यापारी, हातात पिशवी.

"सर, बसलात?"

सरांनी मान हलवली.

"बरे आसात मां?"

मान पुन्हा हलली. मुस्तफाभाईंनी पिशवी खाली ठेवली, समोरच्या बाकावर बसले आणि सरांकडे बारकाईने बघू लागले. थोड्या वेळाने त्यांनी बायकोला फोन लावला. "सुगरा, माका उशीर होतलो. सरांकडे आसंय. नाय, भांडण नाय. सर बोलनत नाय."

तेवढ्यात दक्षिणेकडचे हरिश्चंद्र पेडणेकर आले. एसटीत कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले, पण आवाज अजून स्टँडवरचा. "काय ओ मास्तरानू, गावात कोण गेलो?"

"हळू," मुस्तफाभाई म्हणाले. "सर बोलनत नाय."

"कित्याक?"

"तांच तर बघतंय."

पेडणेकरांच्या मेव्हण्याला मागच्या वर्षी पक्षाघात झाला होता, त्यामुळे त्या विषयात ते स्वतःला डॉक्टरपेक्षा अर्धीच पायरी खाली समजत. ते सरांच्या पुढ्यात वाकले. "मास्तरानू, दोनय हात वर करा बघूया."

सरांनी हात केले नाहीत. अर्ध्या तासाच्या पहिल्याच दिवशी कवायत करायची त्यांची तयारी नव्हती.

"हात उचलनत नाय," पेडणेकरांनी नोंद केली. "आता हसा बघूया."

सर हसलेही नाहीत.

"हसनत नाय. बघलात? तोंडार इला हा."

"ते आधी तरी खंय हसत होते?" मुस्तफाभाई म्हणाले. ते न्यायी माणूस होते.

"जीभ भायर काढा."

इथे सरांच्या चेहऱ्यावर काहीतरी थरारलं. पेडणेकरांनी त्याचा अर्थ लावला आणि मुस्तफाभाईंना एकशेआठला फोन लावायला सांगितलं. फोन लागला, पलीकडून पत्ता विचारला, मुस्तफाभाई पत्ता सांगू लागले, तेव्हा सर उभे राहून ओरडले, "मी बरो आसंय." ओरडण्याने रक्तदाब किती वाढतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून तो वाढलाच असणार.

चहा घेऊन आलेल्या लूर्डसने खुलासा केला. "काय नाय ओ झालां. डॉक्टरान रोज अर्धो तास गप बसाक सांगल्यान. टेन्शनचा प्रेशर आसा."

खुलासा करायला नको होता, असं सर नंतर तिला तीनदा म्हणाले. पक्षाघात झाला असता तर गाव आठवडाभर हळहळून गप्प बसलं असतं. टेन्शन मात्र प्रत्येकाकडे होतं आणि प्रत्येकाकडे त्यावर उपाय होता. समोरच्या घरातली सरांची बहीण स्टेला नोव्हेनाची नऊ दिवसांची प्रार्थना सांगून गेली, आणि ती लागू पडेपर्यंत अंड्यात घालून थोडी रम. कुणी मासे पाळायला सांगितलं, कुणी चित्रात रंग भरायचं पुस्तक दिलं. चर्चच्या फादरांनी रविवारी प्रवचनात चिंता हा विषय घेतला आणि सबंध वेळ तिसऱ्या बाकाकडे बघत बोलले. तिसऱ्या बाकावर सर बसतात.

दोन उपाय सरांनी करून पाहिले, कारण ते सुचवणारे रोज येऊन विचारत होते.

पहिला पेडणेकरांचा हास्यक्लब. सकाळी किनाऱ्यावर वर्तुळात उभं राहायचं आणि विनाकारण हसायचं. सरांना विनाकारण काही करायची सवय नव्हती. पेडणेकरांनी शिट्टी वाजवली की बाकीचे गडगडाटी हसत आणि सरांच्या घशातून शिंक अर्धवट राहिल्यासारखा आवाज निघे. "पोटातसून, मास्तरानू, पोटातसून," असं पेडणेकर बोंबलत. चौथ्या दिवशी सरांना जमलं. दोन्ही हात आकाशाकडे, तोंड उघडं, कवळी दिसतेय. नेमकं तेच एका पर्यटकाने टिपलं, आणि दुपारपर्यंत ते पालकांच्या ग्रुपवर आलं. संध्याकाळी संस्थेच्या चेअरमनांचा फोन.

"सर, व्हिडिओ बघितला. आनंद वाटला. पण मुख्याध्यापकाने आनंद जरा आत ठेवावा."

दुसरा उपाय मुस्तफाभाईंचा. "गरी घालाक चला, सर. खडपार बसायचां, पाण्याकडे बघायचां. मासो गावलो तर गावलो. तोंड उघडायचां काम नाय."

ओहोटीला उघडं पडणारं एक खडप त्यांनी निवडलं. दोघे बसले. सरांनी गळ पाण्यात सोडला, डोळे अर्धे मिटले, आणि मुस्तफाभाई बोलू लागले. त्यांचा मुलगा साजिद कतारला होता. आधी रोज फोन करायचा, मग आठवड्याने, आता मेसेजला नुसता अंगठा पाठवतो. सुगरा रात्रीची उठून फोन बघते. "सर, तुमच्याकडे शिकलो तो. तुमका काय वाटता? रागावलो आसात काय?" सरांनी पाण्याकडे बोट दाखवलं, म्हणजे आपण इथे कशासाठी आलो आहोत याची आठवण करून दिली. मुस्तफाभाईंनी पाण्याकडे बघितलं आणि ते पुन्हा तिथूनच सुरू झाले.

भरती-ओहोटीचा धडा सर दरवर्षी शिकवत. फळ्यावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत काढत आणि अमावास्येला पाणी सर्वांत जास्त का चढतं ते समजावत. त्या दिवशी अमावास्या होती. पाणी बुटाला लागलं तेव्हा खडपाचं बेट झालेलं होतं.

सुटका केली ती बनाना बोटीने. पिवळीधमक, फुगवलेली, लांबलचक, तिच्यावर सांगलीकडच्या एका कुटुंबातली सहा माणसं घोड्यावर बसल्यासारखी बसलेली. मागच्या टोकाला मुस्तफाभाई आणि त्यांच्या मागे, नारिंगी जॅकेटात, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेले भावी मुख्याध्यापक. पुढची मोटरबोट चालवणारा चंदन त्यांचाच जुना विद्यार्थी, गणितात दोनदा नापास झालेला. "सर, घट्ट धरा," एवढं म्हणून त्याने वेग घेतला. पैसे भरलेल्या गिऱ्हाइकांना गोल फिरवायचंच होतं, त्यामुळे सरांनाही ते फुकट मिळालं. धक्क्यावर उतरताना सांगलीच्या आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. सरांनी मान थोडी झुकवली. यापेक्षा वेगळं काय करता येतं हे त्यांना सुचलं नाही.

घरी आल्यावर लूर्डसने टॉवेल दिला. ती हसली नाही. "मुस्तफाभायचो साजिद फोन करना नाय म्हणे?" एवढंच तिने विचारलं.

"तुका कोणी सांगल्यान?"

"मागल्या दारार इल्ले सकाळी. तुझ्याकडे बोलाक गावाना म्हणान."

सर अंगावरच्या मिठाचा विचार करत आंघोळीला गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटी आणली. शाळेच्या प्रयोगशाळेतली जुनी, अडगळीत टाकलेली, शिपायाला सांगून रीतसर मागून घेतलेली. निळ्यावर पांढरी अक्षरं: 'प्रयोग चालू आहे. शांतता राखा.' खाली खडूने वेळ लिहिली, सव्वासहा ते पावणेसात. पाटी मीटरच्या खिळ्याला लावली. रस्त्यावरून जाणारे थबकले, वाचलं आणि खरोखर पुढे गेले. इतकी वर्षं शिकवल्याने गावात लिहिलेल्या अक्षराला काहीतरी मान उरला आहे असं सरांना वाटलं. हे समाधान शनिवारपर्यंत टिकलं.

सोमवारी ग्रामपंचायतीतून बोलावणं आलं. नवे ग्रामसेवक विनीत देसाई तरुण होते आणि कुठलाही कागद अपुरा राहू नये याची त्यांना मनापासून काळजी होती.

"निवासी मालमत्तेवर दर्शनी फलक लावलाय आपण," ते म्हणाले. "कसला प्रयोग आहे, सर? रासायनिक?"

"मी गप्प बसतो."

विनीतने पेन उचललं, ठेवलं. "किती व्यक्ती?"

"एकटा."

"मग एकट्यासाठी फलक कशाला?"

"दुसऱ्यांसाठी आहे तो. त्यांनी बोलू नये म्हणून."

"म्हणजे दुसऱ्या व्यक्ती येतात. पर्यटक?"

"येऊ नयेत म्हणून तर फलक आहे."

"सर, रागावू नका. पण फलक वाचून आपल्याकडे चौकशी आली, इथे मौन शिबिर चालतं का म्हणून. उद्या तुम्ही निवास-न्याहारी सुरू केलीत तर नोंदणी लागेल. आज तसं काही नाही म्हणता. मग शेजाऱ्यांची ना-हरकत आणा, चारही बाजूंची. फाइलला लावून टाकतो."

"पश्चिमेला समुद्र आहे."

विनीतने विचार केला. "त्याचं खातं वेगळं आहे. सध्या तीन आणा."

ज्यांनी बोलू नये म्हणून पाटी लावली त्यांच्याकडेच सही मागायला जावं लागलं. सहीला जायचं म्हणजे बसावं लागतं, सरबत घ्यावं लागतं, आणि समोरचा कागद वाचेपर्यंत त्याचं ऐकून घ्यावं लागतं. स्टेलाने चष्मा शोधायला अर्धा तास लावला. मग म्हणाली, "माझी हरकत नाय. पण तू रोज एकटो बसशीत तर लोक म्हणतले, समोर भैन आसा आणि भावाक टाकल्यान. मी येऊन बसतलंय. बोलूचंय नाय." मुस्तफाभाई म्हणाले की सही केली म्हणजे जबाबदारी आली, तेव्हा मीही येतो. पेडणेकरांनी तर सहीखाली तारीख-वेळ घातली आणि सांगितलं, "ज्याका आपण मंजुरी दिलाव, तां नीट चालता काय नाय तां बघूक नको?"

अशा रीतीने मंगळवारी सव्वासहाला बलकांवात चार माणसं गप्प बसली. आणि आश्चर्य म्हणजे खरोखर गप्प बसली. कागदावर सही केलेली होती ना. बुधवारी सुगरा आली, पेडणेकरांची सून आली. पुढच्या आठवड्यात बाकांवर जागा पुरेना तेव्हा लूर्डसने आतून खुर्च्या काढल्या, मग स्टेलाकडून आणल्या. पेडणेकर वेळेवर मनगटावरचं घड्याळ बघून मान हलवत आणि शांतता सुरू होई. कुणी खोकलं तर सर एक बोट वर करत. खोकला थांबे. वर्गात असा परिणाम त्यांना कधी साधला नव्हता. सूर्य घरामागे समुद्रात उतरायचा, माडांच्या सावल्या अंगणातून सरकत रस्त्यापर्यंत जायच्या आणि चौदा माणसं त्यांच्या बोटाकडे बघत बसलेली असायची. मुख्याध्यापक होणं म्हणजे हेच असेल, असं सरांना वाटू लागलं. पावणेसातला आतून चहा यायचा. गावात त्याला 'सरांची बैठक' म्हणू लागले.

एक गोष्ट सरांच्या अर्धवट मिटल्या डोळ्यांना दिसत असे. पाच-सात मिनिटं झाली की कुणीतरी हळूच उठायचं, चपला हातात घ्यायचं आणि घराच्या कडेने, विहिरीवरून, मागच्या बाजूला जायचं. दहाएक मिनिटांनी ते परत येऊन बसायचं. मग दुसरं उठायचं. जाताना चेहरे ओढलेले असत आणि येताना मोकळे. वय झालं की माणसाला वारंवार जावं लागतं, असा निष्कर्ष सरांनी काढला. मोकळ्या चेहऱ्यांचं श्रेय मात्र त्यांनी आपल्या शांततेला दिलं.

एकदा बैठकीआधी गोळी घ्यायला ते स्वयंपाकघरात गेले, तर मागच्या पायरीवर पेडणेकर बसलेले. स्टँडवरचा आवाज पार उतरलेला. "लूर्डसबाय, सून माझ्या ताटात वाढता, पण माझ्याकडे बघना नाय. तीन म्हयने झाले. मी काय केलंय तां तरी सांग म्हटलंय..." लूर्डस चुलीपाशी पाटावर बसून बांगडे साफ करत होती. सुरी एका हातात, मान पेडणेकरांकडे. तीच सून काल याच पायरीवर बसली होती. तिचंही लूर्डसने ऐकलं होतं, आणि एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही असं दोघांनीही लूर्डसला बजावलेलं होतं. चहाचं मोठं पातेलं एका शेगडीवर, दुसरीवर भात. पेडणेकरांनी सरांना पाहून डोळे पुसले.

बांगडे अजून साफ व्हायचे आहेत, म्हणजे जेवायला उशीर होणार, हे सरांच्या ध्यानात आलं. गोळी घेऊन ते पुढे गेले.

त्या रात्री बांगड्याच्या तिखल्यात मीठ दोनदा पडलं होतं. त्याआधीच्या रात्री मुळीच नव्हतं. तीन कप फुटले. चर्चच्या तालमीला लूर्डस जायची बंद झाली होती, पण संध्याकाळी बैठक असल्यावर ती जाणार तरी कशी, त्यामुळे सरांना ते वेगळं असं जाणवलं नाही. मानेमागे तळहात दाबून ती मधूनच भिंतीला टेकून उभी राहायची. सरांना तिची दया आली आणि त्यांनी उपाय सुचवला.

"तूय येऊन बस गो. बरां वाटता. तुका कोण नको म्हणता?"

"चाय कोण करतलो?"

"पावणेसातनंतर कर."

"आणि मागल्या दारार कोण बसतलो?"

"मागल्या दारार बसाक कशाक व्हया कोण?" सर म्हणाले. तिने पातेलं घासायला घेतलं.

महिना संपत आला होता. शेवटच्या आठवड्यातला गुरुवार. बैठक भरलेली, शांतता अशी की मीटरची गुणगुण ऐकू यावी. घरामागे सूर्य पाण्याला टेकायला आला होता. पुढच्या दारात लूर्डस येऊन उभी राहिली. हात ओले, त्यांना खवले चिकटलेले. एका हाताने तिने चौकट धरली होती.

"आर्थर, जरा आत ये. माका कसांतरी होता."

चौदा माना तिच्याकडे वळल्या. सरांनी डोळे पूर्ण उघडले नाहीत. त्यांनी उजवा हात उचलला आणि बोट पाटीकडे केलं.

मुस्तफाभाई उठायला लागले. बोट पाटीवरून त्यांच्याकडे वळलं. मुस्तफाभाई अर्धे उठलेले तसेच थांबले आणि पुन्हा टेकले. लूर्डसने पाटी वाचली. इतके दिवस ती तिच्याच घराच्या भिंतीवर होती, पण बहुधा पहिल्यांदाच वाचली. मग हात पदराला पुसून ती आत गेली.

पावणेसातला चहा वेळेवर आला.

"काय होता गो?" सगळे गेल्यावर सरांनी विचारलं.

"काय नाय. व्हता तां गेला."

नियम सगळ्यांना सारखा, बायकोलाही, हे चौदा माणसांनी पाहिलं याचं सरांना बरं वाटलं. जूनमध्ये स्टाफपुढे उदाहरण द्यायला ते उपयोगी पडणार होतं.

सोमवारी ते मालवणला निघाले तेव्हा लूर्डसही निघाली. कप आणायचे होते. बाजारातून सहाचे दोन संच घेतले, सरांनी प्रत्येक कप वाजवून पाहिला, आणि दोघे दवाखान्यात गेले. लूर्डस कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली, कपांची पिशवी मांडीवर.

तेजस्वीने सरांच्या दंडाला पट्टा बांधला. हवा भरली, सोडली. विश्वास बसला नाही म्हणून पुन्हा मोजलं. १२४/८०.

"सर, कमाल केलीत. काय केलंत?"

सरांना हा प्रश्न हवा होता. त्यांनी पद्धत सांगितली. उद्देश, साहित्य, कृती, दक्षता. पाटी, ना-हरकत, बोट, चौदा माणसं. तेजस्वीने ऐकता ऐकता दाखला लिहिला, सही केली, शिक्का मारला. सरांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि शुद्धलेखन तपासू लागले.

"एवढ्या माणसांचा चहा कोण करायचं, सर?" तेजस्वीने सहज विचारलं.

"ही," सर दाखल्यावरून नजर न काढता म्हणाले. "माणसं चांगली आहेत, आल्यावर काही ना काही घेतातच. आता हिलाही सवय झालीय गप्प बसायची. बघ, कशी बसलीय."

लूर्डस डोळे मिटून बसली होती. डोकं भिंतीला टेकलेलं, एक हात मानेमागे. पिशवीतले कप एकमेकांवर बारीक वाजत होते.

तेजस्वी खुर्चीवरून उठली. "लूर्डसबाय, बाही जरा वर करा."

"माका कित्याक गो? माका काय नाय झालां."

"असू दे. आलाच आहात तर."

'आल्मेडा'तला ल नीट जोडलेला होता. 'तंदुरुस्त'मधला दु र्‍हस्व होता. सरांनी दाखल्याची घडी घातली, ती खिशात मावेना म्हणून पुन्हा उघडली आणि वेगळी घातली. पट्ट्यातली हवा सुटल्याचा आवाज आला. तेजस्वीने लूर्डसच्या मांडीवरची कपांची पिशवी उचलून टेबलावर ठेवली, पट्टा दुसऱ्या दंडाला बांधला आणि पुन्हा मोजलं.

१८६/११२.